चवथीला फोन बंद ठेवता येईल असा ओपन सोर्स प्रकल्प

गोव्यात चोडणला माझ्या मामाचं घर खाजनाच्या अगदी कडेला आहे. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात काढायचं, ही खाजनशेती. बांधात मधे मधे मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते आणि ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. लहानपणी मला वाटायचं, काय झकास सोय आहे, कुणाला काही करावंच लागत नाही! मामा मात्र पावसाच्या तोंडावर बांधावरून वाकून वाकून चालायचा आणि कुर्ल्यांनी पाडलेली भोकं शोधायचा. भोक बोटभर. आज चिखलाने लिंपलं तर पाच मिनिटांचं काम, राहिलं तर एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटून शेत खारं.

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअरही वापरणाऱ्याला असंच आपोआप चालल्यासारखं दिसतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये वेबसाइटींशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष बाहेर आला. जगभरातल्या वेबसाइटींचा मोठा हिस्सा ज्या कुलपावर विसंबून होता, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता, हे लोकांना तेव्हा कळलं. २०२१ च्या डिसेंबरात जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजेची अशीच पाळी आली. नोकऱ्या सांभाळून ते काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार दुरुस्त आवृत्त्या काढल्या. त्यातली शेवटची नाताळाच्या आठवड्यातली. त्यांचा नाताळ कसा गेला असेल, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझा प्रकल्प त्या मानाने चिमूटभर. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या लिपीसंकेतात, आणणारी एक लायब्ररी (इतर प्रोग्रामांना जोडता येणारा तयार कोड). छापखाने वापरतात, देवस्थान समित्या वापरतात, जुने अंक चाळणारे अभ्यासक वापरतात. मी फोंड्याला असतो आणि नोकरी करून हे सांभाळतो. आता सोबत आणखी दोघं आहेत. पहिली पाच वर्षं मात्र एकखांबी तंबू होता. तो कसा कोसळता कोसळता राहिला आणि मग काय काय बदललं, ते क्रमाने सांगतो. तुमचा प्रकल्प पायथनचा असो की जावास्क्रिप्टचा, पायऱ्या त्याच लागतील.

पायरी १ : चवथीची कसोटी

त्या वर्षी चवथीला मी सत्तरीतल्या आमच्या गावी होतो. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती आणि हाताला कांगल्यांचा वास होता. गावात नेटवर्क शोधायचं तर देवळामागच्या टेकडीवर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सहज वर गेलो तर फोनवर एकेचाळीस मेसेज. प्रकल्पाच्या डोमेनची मुदत संपली होती, ऑनलाइन परिवर्तक बंद पडला होता. नूतनीकरणाची सूचना एका जुन्या ईमेलवर जात होती. त्या ईमेलचा पासवर्ड फोंड्यातल्या लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप कपाटात. पाच दिवस काहीच करता आलं नाही.

म्हणून पहिलं काम कोडचं नाही, कागदाचं. एक कोरा कागद घ्या आणि वर प्रश्न लिहा : उद्यापासून मी पंधरा दिवस नसलो तर काय काय अडेल? मग खाली यादी करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, पैसे कुठल्या कार्डावरून जातात, सर्व्हरचं लॉगिन कुणाकडे, पॅकेज प्रसिद्ध करण्याचा अधिकार कुणाला, रिलीज करताना हाताने करायच्या आणि फक्त तुमच्या डोक्यात असलेल्या गोष्टी कुठल्या. माझ्या यादीत सतरा ओळी झाल्या. त्यातल्या सोळांपुढे एकच नाव होतं.

पायरी २ : दुसरी किल्ली

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दुसरं नाव आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कामावर उभ्या आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं साठवणघर, गिटहब या साइटवर तुमच्या खासगी खात्यात असेल तर तिथेच एक ऑर्गनायझेशन उघडून ती त्यात हलवा. त्याला पैसे पडत नाहीत, इश्यू (लोकांनी कळवलेले दोष आणि मागण्या) आणि इतिहास सोबत जातो, जुने दुवेही नव्या जागी वळतात. खासगी खात्यात तुम्ही मालक आणि बाकीचे नुसते सहकारी, एवढाच भेद असतो. ऑर्गनायझेशनमध्ये कुणाला फक्त इश्यू लावून ठेवण्याचा, कुणाला कोड घालण्याचा, कुणाला सगळ्या कारभाराचा अधिकार असे थर देता येतात. पुढे माणसं जोडताना याचा उपयोग होतो.

पॅकेज जिथे प्रसिद्ध करता तिथेही दुसरा मालक नेमा. पायथनवाल्यांनी पायपीआय या पॅकेज-भांडाराची ट्रस्टेड पब्लिशिंगची सोय वापरावी. रिलीज थेट, आपोआप कामं करणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्समधून होते, कुणाच्या लॅपटॉपवर कायमचं टोकन पडून राहत नाही. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर छापा आणि पाकिटात घालून घरातल्या जबाबदार माणसाकडे द्या. माझं पाकीट बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात आहे. तिने विचारलं, "याला एवढी काय किंमत?" मी म्हटलं, काहीच नाही, म्हणून तर कुणी चोरणार नाही.

डोमेन, प्रमाणपत्रं, कालबाह्य होणाऱ्या किल्ल्या आणि अवलंबित पॅकेजं, या सगळ्यांची तपासणी आम्ही मे महिन्यात ठेवली आहे. घरी पावसाळ्याचं पुरुमेंत भरायचे दिवस तेच. सुकी मासळी, मिरच्या, कोकमं आणि डोमेन, सगळं एका यादीत. दुसरी तारीख मी विसरलो असतो, ही विसरत नाही.

पायरी ३ : रीडमीत खरं बोला

बहुतेक रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) लग्नाच्या स्थळासारखे लिहिलेले असतात, फक्त गुण. वरच्या दहा ओळींत हे लिहा : प्रकल्प किती जण सांभाळतात, आठवड्याला किती वेळ देतात, उत्तराला साधारण किती दिवस लागतात, कुठल्या आवृत्त्या दुरुस्त होतात आणि काय कधीच होणार नाही. आमच्याकडे लिहिलंय : "तिघं जण, आठवड्याला मिळून सहा तास. उत्तराला दोन आठवडे लागू शकतात. चवथीत आणि नाताळात कुणी नसतं. पीडीएफमधून मजकूर काढून मिळणार नाही."

हे लिहिल्यावर कुणी वापरायचं थांबलं नाही. चिडलेल्या मेलांचं प्रमाण मात्र उतरलं. एका मोठ्या कार्यालयातून मला एकदा मेल आला होता, "आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून कळवावे, विलंबास आपण जबाबदार राहाल." ज्या गोष्टीचा त्यांनी एक पैसा दिला नव्हता, तिच्या विलंबाला! आमच्या एमआयटी परवान्यात स्पष्ट आहे की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, कसलीही हमी नाही. तेव्हा मी रात्री दोनपर्यंत बसून दुरुस्ती केली होती. आता असा मेल आला तर रीडमीचा दुवा पाठवतो आणि जेवायला बसतो.

सुरक्षेच्या दोषांसाठी मात्र वेगळी वाट ठेवा. गिटहबवर खासगीत दोष कळवण्याची सोय चालू करता येते. ती करा, आणि तिथली सूचना दोघांना तरी जाईल असं बघा.

पायरी ४ : इश्यूंचा ढीग, आणि आचाऱ्यांचा सत्कार

थकवा कोड लिहून येत नाही. तो येतो "चालत नाही" एवढंच लिहिलेल्या इश्यूंनी.

एकदा असाच इश्यू आला : "तुमचं सॉफ्टवेअर चुकीचं मराठी लिहितं." बाकी काही नाही. मी चार वेळा विचारलं, कुठला फॉन्ट, कुठली ओळ? तीन आठवड्यांनी छापलेल्या पत्रिकेचा फोटो आला. एका देवळाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम, आणि त्यात ठळक अक्षरांत : "सकाळी ११ वाजता आचाऱ्यांचा सत्कार." सत्कार आचार्यांचा होता. स्वयंपाक्यांना आनंद झाला असेल, समितीला झाला नाही.

गोम अशी. मराठीत र आणि य यांची गाठ दोन प्रकारे पडते. आचार्यमध्ये रफार डोक्यावर बसतो, आचाऱ्यामध्ये र आडव्या रेघेसारखा य च्या आधी येतो. जुन्या फॉन्टांत रफार हे नुसतं चित्र असतं आणि ते अक्षराच्या नंतर टाइप केलेलं असतं, म्हणून परिवर्तकाला ते उचलून जोडाक्षराच्या आधी नेऊन ठेवावं लागतं. आडवा र युनिकोडमध्ये नुक्तावाल्या ऱ ने लिहितात, पण जुन्या काही फाइलींत साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालूनही तो लिहिलेला सापडतो. एका फॉन्टासाठी मी दोन चित्रांची अदलाबदल करून बसलो होतो. दुरुस्ती एका ओळीची. शोधायला तीन आठवडे, आणि तेही केवळ नमुना मिळाला नाही म्हणून.

त्या दिवसापासून आमच्याकडे इश्यूचा साचा आहे. चार रकाने : फॉन्टचं नाव, मूळ ओळ, मिळालेली ओळ, हवी असलेली ओळ. रकाने रिकामे असतील तर इश्यूवर "माहिती हवी" ची चिठ्ठी लागते आणि महिनाभराने तो मी स्वतः वाचून बंद करतो. हे काम आपोआप करणारे बॉट मिळतात. मला ते पटत नाहीत. बॉट खरा दोषही जुना झाला म्हणून बंद करतो, आणि कळवणारा माणूस पुन्हा फिरकत नाही.

दुसरा नियम : प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक चाचणी. आमच्या चाचण्यांत आता एक वाक्य कायमचं आहे, "आचार्यांनी आचाऱ्यांना दक्षिणा दिली." कुणीही कोड पाठवला की अ‍ॅक्शन्समध्ये ते वाक्य सगळ्या फॉन्टांतून फिरून येतं. ही आमची मानस. भरती आली की आपली आपण मिटते, मला टेकडीवर चढावं लागत नाही.

नेहमीची उत्तरंही लिहून साठवा. पाचव्यांदा तोच प्रश्न आला की आवाज चढतो, आणि लिहून ठेवलेलं उत्तर नेहमी सभ्य असतं. सूचना फोनवरून काढून टाका. माझी वेळ शनिवारी सकाळी, नाश्त्याची पाव-भाजी झाल्यावर दोन तास. इतर दिवशी इश्यू बघायचाच नाही. पहिला महिनाभर हात शिवशिवतो.

अलीकडे एक नवीन त्रास आहे. यंत्राकडून लिहून घेतलेले, दिसायला भरघोस पण आत पोकळ दोष-अहवाल. कर्ल या ओपन सोर्स साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग याबद्दल जाहीरपणे वैतागलेले आहेत. आमच्याकडेही दोन आले, दोन्हींत अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचं नाव. उपाय तोच : नमुना ओळ द्या. ती नसेल तर वाद न घालता बंद.

पायरी ५ : माणूस जोडणं

मदत पाहिजे अशी पाटी लावून कुणी येत नाही. मी दोन वर्षं लावून पाहिली. आमच्या इथे फर्मागुडीपासून झुआरीनगरपर्यंत अभियांत्रिकीची मुलं भरपूर आहेत, पण ती सबमिशनच्या आठवड्यात उगवतात आणि मार्क मिळाले की मावळतात. २०२० च्या ऑक्टोबरात तर हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टासाठी रीडमीत एखादा शब्द वाढवलेल्या पुल रिक्वेस्टींचा, म्हणजे आमचा बदल कोडात घ्या अशा विनंत्यांचा, जगभर पाऊस पडला, इतका की आयोजकांना प्रकल्पाची संमती असेल तरच मोजायचं असा नियम करावा लागला.

टिकणारा माणूस बहुधा वापरणाऱ्यांतूनच येतो. आमची दुसरी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी, डिचोलीची. आजोबांची जुन्या फॉन्टात टाइप केलेली नाटकं युनिकोडमध्ये आणताना तिला तीन दोष सापडले आणि तिने साचा नीट भरला. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, हा तुम्हीच दुरुस्त कराल का, फाइल ही, ओळ ही, मी सोबत बसतो. "सर, मला गिट येत नाही," तिचं उत्तर. एका रविवारी पणजीला कॉफी पीत तासाभरात आलं. असं थेट, नाव घेऊन, छोटं काम मागा. आणि त्याचं परीक्षण आठवड्याच्या आत करा. नव्या माणसाची पहिली पुल रिक्वेस्ट महिनाभर पडून राहिली तर दुसरी येत नाही.

अधिकार मात्र पायरीपायरीने द्या. आधी इश्यू लावणं, मग परीक्षण, मग मर्ज (बदल मुख्य कोडात घेणं), शेवटी रिलीज. प्रत्येक टप्प्याला काही महिने जाऊ द्या. का, ते एक्सझेडच्या गोष्टीत आहे. लिनक्सवर सगळीकडे असलेलं, फाइली दाबून लहान करणारं हे साधन एकटे लासे कोलिन सांभाळत होते, बिनपगारी छंद म्हणून. २०२१ पासून जिया तान या नावाने कुणीतरी नेमाने चांगली मदत करू लागलं. मधेच काही अनोळखी नावं उगवली आणि काम संथ आहे, दुसरा मेंटेनर घ्या, असा तगादा त्यांनी लावला. थकलेल्या माणसाने विश्वास टाकला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो जाहीर केला, तोही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या कुतूहलापोटी. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला पॅकेज देऊन टाकलं, तेव्हाही आत बिटकॉइन चोरणारा कोड आला होता.

म्हणजे कुणावर विश्वास ठेवू नये असं नाही. थकव्याच्या भरात किल्ली देऊ नये, एवढंच. मुख्य शाखेत जाणाऱ्या प्रत्येक बदलाला दुसऱ्या माणसाचं परीक्षण सक्तीचं करा, तुमच्या स्वतःच्या बदलालासुद्धा. रिलीज दोघांच्या संमतीने. आणि कुणी घाई लावली की मुद्दाम एक आठवडा जास्त घ्या.

पायरी ६ : पैसा, आणि मानसीतली मासळी

खाजनात मानसीजवळच्या मासळीचा लिलाव होतो आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो. पिढ्यानपिढ्यांची सोय. पण लिलाव घेणाऱ्याला मासळी जास्त हवी, म्हणून नको तेव्हा खारं पाणी आत घ्यायचा मोह त्याला होतो. शेतकऱ्याला ते नको असतं. मामाच्या वाड्यावर यावरून झालेली भांडणं मी ऐकलेली आहेत. प्रकल्पाला पैसा देणाराही असा दोन्ही प्रकारचा असू शकतो. एका छपाई व्यावसायिकाने आम्हाला चांगली रक्कम देऊ केली होती, फक्त त्याच्या फॉन्टाला प्राधान्य द्या आणि बाकीचे मागे ठेवा. नाही म्हटलं. त्याच माणसाला मग सांगितलं की तुमच्या फॉन्टाचं काम वेगळं कंत्राट म्हणून घेतो, कोड सगळ्यांसाठी खुला राहील. ते त्याला चाललं.

तेव्हा आधी ठरवा, पैसा कशाला हवा. आमचा खर्च डोमेन आणि सर्व्हरचा, तो तिघांच्या खिशातून निघतो. वेळ विकत घ्यायचा असेल तर आकडा मोठा होतो. गिटहब स्पॉन्सर्स आणि ओपन कलेक्टिव्ह हे नेहमीचे मार्ग. आपल्याकडे झिरोधाने २०२४ च्या ऑक्टोबरात फ्लॉस फंड सुरू केला. वर्षाला दहा लाख डॉलर, एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलर. अर्ज करायला रिपॉझिटरीत किंवा प्रकल्पाच्या साइटवर फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल ठेवावी लागते. ती लिहिताना पैसा किती हवा आणि कशाला, हे मांडावंच लागतं, हा तिचा खरा फायदा. मिळालेला पैसा विवरणपत्रात दाखवावा लागतो हे विसरू नका. आणि संस्था नोंदवून परदेशी देणगी घ्यायचा विचार असेल तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी आड येते. त्या वाटेला जाण्याआधी सीएला भेटा.

वापरणाऱ्या कार्यालयांनी पैसे दिलेच पाहिजेत असं मी म्हणत नाही. महिन्यातून अर्धा दिवस तुमच्या एका कर्मचाऱ्याला आमच्या चाचण्या चालवू द्या. आम्हाला ते धनादेशापेक्षा जास्त उपयोगी.

पायरी ७ : नाही म्हणणं

हे थोडक्यात. नवीन सोय म्हणजे एकाने लिहायची आणि तुम्ही जन्मभर सांभाळायची. पुल रिक्वेस्ट कितीही देखणी असली तरी विचारा, हा माणूस दोन वर्षांनी याच्या दोषांना उत्तर द्यायला असेल का? उत्तर नाही असेल तर आभार मानून, वेगळं पॅकेज म्हणून ठेवायला सुचवा.

पायरी ८ : बंद करायचं तर

कधी कधी खरंच होत नाही. मूल होतं, बदली होते, कंटाळाही येतो. अशा वेळी वाईट दोन गोष्टी : गुपचूप गायब होणं आणि रागाने मोडून टाकणं. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड हा अकरा ओळींचा तुकडा लेखकाने, दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं म्हणून, एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातून काढून घेतला आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी थांबली. त्याची तक्रार खोटी नव्हती, पण फटका बसला तो त्या भांडणाशी संबंध नसलेल्यांना.

त्यापेक्षा सहा महिने आधी सांगा. घ्यायला कुणी तयार असेल तर पाचव्या पायरीच्या चालीने, सावकाश सोपवा. नसेल तर शेवटची रिलीज काढा, उघड्या इश्यूंना एक एक ओळीचं उत्तर द्या, पर्यायी प्रकल्पांचे दुवे लिहा आणि रिपॉझिटरी अर्काइव्ह करा. ती वाचता येते, कुणालाही तिचा फोर्क (स्वतंत्र प्रत) काढता येतो, फक्त नवे इश्यू किंवा बदल येत नाहीत.

आमचा मजकूर आम्ही आत्ताच लिहून ठेवलाय, त्या पाकिटात रिकव्हरी कोडांबरोबर : "हा प्रकल्प अमुक तारखेपासून सांभाळला जात नाही. शेवटची आवृत्ती चालते, पण नवीन दोष दुरुस्त होणार नाहीत. कोड तुमचाच आहे, हवा तसा न्या. रफाराचं काम बदललंत तर आचाऱ्यांची चाचणी चालवायला विसरू नका." तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.